रिंग फिरते, फोकस हलत नाही: एका आग्फा इझोलेटचं प्रकरण

हे एकाच कॅमेऱ्याचं प्रकरण आहे. आग्फा इझोलेट ३. म्युनिकमध्ये १९५० च्या दशकात बनलेला, १२० रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरच्या १२ फ्रेम काढणारा, घडी घातली की कोटाच्या खिशात मावणारा. त्यात तीन बिघाड होते आणि ते एकमेकांवर चढून बसले होते. एक लगेच सापडला, एक किरकोळ होता, आणि तिसऱ्याचा छडा लागायला एप्रिलचा जुलै उजाडला. सगळं सविस्तर लिहितोय, कारण या घडीच्या कॅमेऱ्यांत तो तिसरा बिघाड वरचेवर आढळतो, आणि तो ओळखू न आल्यामुळे उत्तम लेन्स 'हिला धारच नाही' असा शिक्का बसून कपाटात पडून राहतात.

म्युनिकच्या टेरेझियनवीझं मैदानावर, म्हणजे जिथे ऑक्टोबरफेस्ट भरतो तिथेच, वसंतातल्या एका शनिवारी प्रचंड मोठा जुना बाजार भरतो. पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. पितळी नळ, पितळी घंटा, कुणाच्या तरी आजीच्या चहाच्या बश्या. एका चादरीवर हा कॅमेरा चामडी पाकिटात होता. बटण दाबलं, पुढचं झाकण उघडलं, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या टक् आवाज करून ताठ झाल्या आणि लेन्स जागेवर येऊन उभी राहिली. सत्तर वर्षांच्या वस्तूकडून एवढी नेमकी हालचाल झाली की माणूस विरघळतो. लेन्सवर लिहिलं होतं: आपोटार, १:४.५/८५. शटर प्रोंटोर एसव्ही, १ सेकंदापासून १/३०० पर्यंत.

लेन्सच्या तोंडावरची फोकसची रिंग मात्र घट्ट होती. अंगठा आणि दोन बोटांनी जोर लावला. आधी काही नाही, मग एक बारीक 'कट्' आणि रिंग फिरू लागली. जडच, पण फिरू लागली. मला वाटलं, जाम सुटला. विकणाऱ्या बाईंनाही तसंच वाटलं. पैसे दिले आणि निघालो. हा 'कट्' लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

इथे थोडं कारखान्याबद्दल सांगायला हवं, कारण मी राहतो तिथून तो चालत जाण्याच्या अंतरावर होता. आग्फा मूळची बर्लिनची, ॲनिलिन रंग बनवणारी कंपनी. नावाची आद्याक्षरं त्यावरूनच आली. १९२० च्या दशकात म्युनिकचा रीट्शेल हा लेन्स-कॅमेऱ्यांचा कारखाना तिच्याकडे आला आणि शहराच्या गीझिंग भागात आग्फाचं कॅमेरावेर्क वाढलं. युद्धाच्या शेवटच्या काळात इथे कॅमेरे नव्हे, तोफगोळ्यांच्या टायमरचे भाग जोडले जात होते, आणि ते काम दाखाऊ छळछावणीच्या इथल्या शाखेत डांबलेल्या सुमारे ५०० स्त्रियांकडून सक्तीनं करून घेतलं जात होतं. त्यात डच स्त्रिया मोठ्या संख्येनं होत्या. जानेवारी १९४५ मध्ये त्यांनी हात बांधून काम थांबवलं. छावणीतल्या कैद्यांनी संप करणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. माझा कॅमेरा त्यानंतरच्या दशकातला आहे, पण त्याच आवारातला. त्यामुळे तो हातात घेताना ही गोष्ट मला बाजूला ठेवता येत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इथलं कॅमेऱ्यांचं उत्पादन थांबलं आणि आग्फाची उंच इमारत २००८ मध्ये सुरुंग लावून पाडली. आज त्या जागी घरं आहेत.

पहिला रोल

इलफर्ड एफपी ४ प्लस या कृष्णधवल फिल्मचा रोल भरला. धुतला घरीच, रोडिनालमध्ये, १+५० प्रमाणात, २० अंशांवर १५ मिनिटं. रोडिनाल हे आग्फानं १८९१ मध्ये बाजारात आणलेलं डेव्हलपर. त्याच घराण्यातल्या कॅमेऱ्याचा पहिला रोल त्यातच धुवावा असं मनात होतं.

ओली फिल्म न्हाणीघरात दोरीला लावली आणि उजेडासमोर धरली. बाराही फ्रेमवर काळे डाग. प्रत्येक फ्रेमच्या एकाच कोपऱ्याकडून आत येणारे दोन फुगीर ठिपके आणि त्यांना जोडणारा धुरकट पट्टा. नेगेटिव्हवर काळं म्हणजे प्रिंटवर पांढरं, म्हणजे नको तिथून उजेड आत शिरलाय.

हा उजेड कुठून आला हे कॅमेरा न उघडता फिल्मच सांगते. १२० रोलवर प्रत्येक चौकटीच्या बाहेर, दोन्ही कडांना, कोरी पट्टी असते. डाग चौकटीच्या आत थांबत असेल तर उजेड पुढून, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधल्या घड्यांच्या कापडी भात्यातून आलाय. कारण चौकटीची धातूची कड त्याला बाहेर जाऊ देत नाही. डाग कोऱ्या पट्टीवरही पसरला असेल तर मागचं दार, त्याचं बिजागर, किंवा कॅमेऱ्यातून काढताना सैल गुंडाळलेला रोल यांच्याकडे बघायचं. आणि गोल डाग पडून त्यात रोलच्या कागदावरचे आकडे उमटले असतील तर मागची लाल खिडकी. त्या खिडक्या लाल ठेवल्या गेल्या त्या लाल रंग फारसा न ओळखणाऱ्या जुन्या फिल्मसाठी. आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म लाल ओळखते. म्हणून आकडा बघण्यापुरती खिडकी उघडायची आणि लगेच झाकायची, तीही सावलीत.

माझे डाग काटेकोरपणे चौकटीच्या आत होते. शिवाय सगळ्या फ्रेमवर ते सारखे गडद नव्हते. नदीकाठी बाकावर कॅमेरा उघडाच ठेवून मी दहा मिनिटं बसलो होतो. त्या वेळची फ्रेम सगळ्यांत वाईट. एवढं कळल्यावर शंका उरली नाही.

भाता

आमच्याकडे भाता म्हटलं की लोहाराचा किंवा पेटीचा आठवतो. कॅमेऱ्याचा भाताही तसाच, फक्त यातून हवेपेक्षा उजेड जाता कामा नये. रात्री खोली पूर्ण काळोखी केली, मागचं दार उघडून भात्याच्या आत एलईडीची लहान बॅटरी धरली आणि बाहेरून पाहिलं. घड्यांच्या कोपऱ्यांवर सात तारे चमकत होते. बहुतेक लेन्सकडच्या टोकाला, जिथे घडी सगळ्यांत घट्ट दुमडते. दर वेळी उघड-मीट होताना कापड तिथेच मोडतं. सत्तर वर्षांत त्यात आश्चर्य काही नाही.

यावर लोक काळा रंग, द्रव रबर, इन्सुलेशन टेप असं बरंच काही लावतात. मीही आधी कापडाचा काळा रंग आतून लावला, पण तो तपासणीपुरता. कोपऱ्यावर थर चढला की घडी जाड होते, मिटताना ताण येतो आणि शेजारी नवं भोक पडतं. पक्का उपाय म्हणजे नवा भाता. तो बनवणारे कारागीर अजून आहेत आणि पुढे मी तो बसवलाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण ते काम वेळखाऊ असलं तरी सरळ आहे: शटर मागच्या रिंगेतून सोडवायचं, जुना भाता खरवडून काढायचा, नवा चिकटवायचा, आणि तो पीळ न पडता बसलाय की नाही हे शटर परत लावण्याआधी पाच-सहा वेळा मिटून बघायचं.

रंग लावून दुसरा रोल काढला. डाग गेले. आणि डागांमागे झाकलेला खरा आजार समोर आला.

दुसरा रोल

चित्रं धूसर होती. पहिल्या रोललाही होती, पण तिथे धुरकटपणाचं खापर मी उजेडावर फोडलं होतं. आता कॉन्ट्रास्ट छान, काळे-पांढरे भरघोस, आणि तरी कशालाच धार नाही. ५६ बाय ५६ मिलिमीटरचं नेगेटिव्ह म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या फ्रेमच्या साडेतीन पट मोठं. त्यात झाडाची पानं मोजता यायला हवीत. इथे झाड म्हणजे कापसाचा बोळा.

संशयित बरेच होते. एकेकाला बाजूला केलं.

हात हलला का? हलला असता तर प्रत्येक ठिपका एका दिशेनं ओढला गेला असता, कडा दुहेरी दिसल्या असत्या. भिंगाखाली ठिपके सगळीकडून सारखे फुगलेले होते. लेन्सची पाटी तिरकी आहे का? घडीच्या कॅमेऱ्यात हा नेहमीचा संशय, कारण लेन्स उभी राहते ती त्या दोन पातळ पट्ट्यांच्या भरवशावर. पण मग चित्राची एक बाजू तरी स्पष्ट आणि दुसरी धूसर असती. फिल्म सपाट बसली नव्हती का? हे खरंच होऊ शकतं. कॅमेरा झटक्यात उघडला की भाता एकदम फुगतो, आत हवा कमी पडते आणि फिल्म पुढे खेचली जाते. म्हणून हे कॅमेरे हळू उघडायचे आणि रोल शक्यतो उघडल्यानंतर पुढे सरकवायचा. मी दुसऱ्या रोलला तसंच केलं होतं. शिवाय फिल्मच्या फुगवट्यानं मध्यभाग आणि कडा वेगवेगळ्या दिसतात. माझ्याकडे सगळं एकसारखं वाईट होतं. लेन्सवर बुरशी, जाळी? बॅटरी मारून पाहिलं, काच स्वच्छ.

मग मी तो निष्कर्ष काढला जो सगळे काढतात. आपोटार ही तीन काचांची लेन्स. त्याच इझोलेटमध्ये जास्त पैसे मोजणाऱ्यांना चार काचांची सोलिनार मिळायची, टेसार या नावाजलेल्या लेन्सच्या धर्तीची. तेव्हा मनाशी म्हटलं, आपली स्वस्तातली आहे, हिचं एवढंच. आज हे लिहिताना मला त्या निष्कर्षाचा फार त्रास होतो. नीट जुळवलेली तीन काचांची लेन्स एफ/८ किंवा ११ वर इतकं सुंदर काम करते की तिच्यावर असा आरोप करणं हा अन्याय आहे.

त्या रविवारी मिरजेला व्हिडिओ कॉल झाला. बाबांना बाराही फ्रेम स्कॅन करून पाठवल्या होत्या. आमच्या घरी आग्फाचा क्लिक थ्री होता, बडोद्याला बनणारा. तोही १२० रोलवाला, तोही बारा फोटोंचा. आमच्या लहानपणाचे सगळे फोटो त्याचेच. रोल भरला की बाबा आठवडाभर जपून बटण दाबायचे. त्यांनी फोटो सावकाश, एकेक पाहिले आणि म्हणाले, "बाकीचे राहू देत रे. हा पुलावरचा एवढा स्वच्छ कसा काय आला?"

पाचवी फ्रेम. इझार नदीच्या पुलावर, कठड्याला टेकून बायको उभी. मी ती पाहून पुढे गेलो होतो. माणसाचा फोटो आहे, बरा आलाय, एवढंच. भिंग लावून पाहिलं. शालीचे धागे दिसत होते. पापण्या वेगळ्या दिसत होत्या. तिच्यामागचा काठ मात्र पार विरघळलेला.

म्हणजे ही लेन्स धारदार होती. अकरा फ्रेम बिघडल्या म्हणून मी लेन्सला दोष देत होतो आणि ही एकटी फ्रेम तिच्या बाजूनं साक्ष देत उभी होती. मी वही काढली. प्रत्येक फ्रेमचं अंतर आणि ॲपर्चर लिहून ठेवायची सवय इथे कामी आली. पाचवी फ्रेम: रेंजफाइंडरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या अंतरमापकावर, ३ मीटर. बाकीच्यांत दोन १.५ मीटरच्या, एक ५ ची, उरलेल्या सगळ्या लांबच्या, अनंतावर. मग पहिला रोल परत काढला आणि त्या डागांच्या खाली शोधलं. तिथेही एकच फ्रेम अशी की जिच्यात एक सायकल स्पष्ट होती. वहीत तिच्यासमोर: ३ मीटर.

अनंतावर लावून काढलेल्या फ्रेम पुन्हा भिंगाखाली घेतल्या. एकीत डाव्या कोपऱ्यात चुकून एक खांब आला होता, माझ्यापासून तीन-साडेतीन मीटरवर. तो खांब स्पष्ट होता, त्यावरचं स्टिकर वाचता येत होतं. मी लेन्स अनंतावर लावली होती आणि कॅमेरा तीन मीटरवर बघत होता. १.५ लावलं तरी तीनच, ५ लावलं तरी तीनच.

काचेवर पाहणं

अशा वेळी आणखी फिल्म खर्च करायची नाही. जिथे फिल्म टेकते तिथे दुधी काच ठेवायची आणि लेन्स काय दाखवते ते डोळ्यांनी बघायचं. दुधी काच म्हणून फोटोफ्रेमच्या काचेची पट्टी कापून घेतली आणि तिच्या एका बाजूला धुरकट चिकटपट्टी सुरकुती न पडू देता ओढून लावली. चिकटपट्टीची बाजू लेन्सकडे, कारण प्रतिमा त्या पृष्ठभागावर पडायला हवी. काच फिल्मच्या पट्ट्यांवर सपाट बसली. शटर 'बी' वर, म्हणजे कळ दाबून धरू तेवढा वेळ ते उघडं राहतं, ॲपर्चर पूर्ण उघडं, केबलचा स्क्रू घट्ट करून शटर उघडं धरलं. (इझोलेट ३ मध्ये वरचं बटण फिल्म पुढे सरकवल्याशिवाय दबत नाही, म्हणून शटरवरचीच कळ वापरायची.)

माझ्या खिडकीतून गीझिंगच्या होली क्रॉस चर्चचा उंच मनोरा दिसतो, किलोमीटरभरावर. तिपाईवर कॅमेरा, डोक्यावर काळी ओढणी, डोळ्याला भिंग. उलटा मनोरा, धूसर. रिंग अनंतावर. आता रिंग हळूहळू जवळच्या टोकाकडे फिरवली. लेन्सचं तोंड पुढे सरकताना डोळ्यांना दिसत होतं, बोटांना कळत होतं. काचेवरचा मनोरा आहे तसाच धूसर. अधिक नाही, कमी नाही म्हणावा असा. परत अनंताकडे. तसाच. मग कॅमेरा खोलीत वळवला, टेपनं मोजून ३ मीटरवर पुस्तकाचं कपाट. पाठीवरची अक्षरं काचेवर लख्ख. रिंग इकडून तिकडे फिरवली. अक्षरं लख्खच.

रिंग फिरते, फोकस हलत नाही.

असं का होतं ते कळायला या लेन्सची रचना पाहावी लागते. फोकस करायचे दोन मार्ग. एक म्हणजे सगळी लेन्स फिल्मपासून पुढे-मागे नेणं. फोग्टलेंडरचा बेसा २ असं करतो, त्यासाठी घडीची सगळी यंत्रणा सरकती आणि तरीही ताठ बनवावी लागते, म्हणून तो महागडा. दुसरा मार्ग स्वस्त आणि हुशार: लेन्स आणि शटर एका जागी पक्कं ठेवायचं आणि फक्त सगळ्यांत पुढची काच आट्यांवर फिरवून तिचं मधल्या काचेपासूनचं अंतर बदलायचं. एखाद-दोन मिलिमीटरच्या बदलानं अनंतापासून मीटरभरापर्यंतचा पल्ला गाठता येतो. इझोलेट, झाइस इकॉनचे नेटार आणि इकोंटा, आणि जर्मनीतल्या डझनभर कारखान्यांचे घडीचे कॅमेरे याच पद्धतीचे. अगदी सुपर इकोंटासारखा, फिरत्या पाचरी काचांचा जोडलेला रेंजफाइंडर असलेला उंची कॅमेराही पुढची काचच फिरवतो.

या पद्धतीचा जीव त्या दोन काचांमधल्या अंतरात आहे. पुढच्या काचेची वाटी मधल्या काचेच्या वाटीत आट्यांनी बसते आणि मधली वाटी शटरमध्ये, तीही आट्यांनी. या दोन वाट्यांमधलं ग्रीस दशकानुदशकं वाळून दगड झालं की त्या एकजीव होतात. मग कुणी जोर लावला की पुढचे आटे सुटत नाहीत, मागचे सुटतात. मधली वाटी शटरमधून उलगडू लागते आणि पुढची तिच्यासोबत. दोन्ही काचा मिळून पुढे येतात, पण त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. म्हणून लेन्स पुढे येताना दिसते आणि फोकस जवळपास जागचा हलत नाही.

जुन्या बाजारातला तो 'कट्' म्हणजे मधली वाटी शटरमधून सुटल्याचा आवाज होता. ते माझ्या हातून झालं.

आणि तीन मीटर का? ग्रीस गोठलं तेव्हा रिंग जिथे होती तिथे. या कॅमेऱ्याच्या आधीच्या मालकानं शेवटचा फोटो साधारण तीन मीटरवरून काढला असणार. त्या अंतरावरून डोंगर काढत नाहीत. तिथे बहुधा कुणीतरी माणूस उभं होतं. त्यानंतर कॅमेरा मिटला, पाकिटात गेला आणि लेन्स त्याच माणसाकडे बघत राहिली. मला हे सुचलं तेव्हा मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

उघडणं

रिंगेच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात, त्यांना डोकं नसतं. ते पूर्ण काढायचे नाहीत, दोन फेरे सैल केले की रिंग उचलली जाते. खाली दोन पितळी कडा दिसतात, एकात एक. दोन्हींवर पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका दिला, समोरासमोर. पुढची कड फिरवली. दोन्ही ठिपके हातात हात घालून फिरले. निदानावर यापेक्षा ठळक शिक्कामोर्तब होऊ शकत नाही.

दोन्ही वाट्या एकत्रच शटरमधून बाहेर आल्या. त्या लायटरच्या पेट्रोलमध्ये बुडवून झाकण लावून ठेवल्या. इथे एक इशारा. आपोटारच्या पुढच्या दोन काचा सुट्या आहेत, त्यांत चिकटवलेली जोडी नाही, म्हणून बुडवायची हिंमत केली. सोलिनारमधली चिकटवलेली जोडी मागे असते. ती कधीही अशी भिजवू नये, सांधा उसवतो.

दुसऱ्या दिवशी प्रयत्न केला, काही नाही. हेअर ड्रायरनं तापवून केला, काही नाही. इथे हात पकडीकडे जातो आणि इथेच लेन्स मरतात. पातळ पितळी कड पकडीत दाबली की ती अंडाकृती होते आणि मग आटे जन्मात फिरत नाहीत. मी सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे कापले, मधल्या वाटीसाठी लाकडात तिच्या मापाचं भोक पाडून ते एका बाजूनं चिरलं आणि त्या चिमट्यात ती सगळीकडून सारखी आवळली. पुन्हा पेट्रोल, पुन्हा उष्णता. तिसऱ्या दिवशी रात्री तळहातात ट्यूब धरून जोर लावला तेव्हा काहीतरी चिकट ताणलं जावं तसं जाणवलं आणि पुढची वाटी केसभर फिरली. मग अर्धा फेरा. मग सुटली. सुटण्याच्या नेमक्या जागी सुईनं बारीक खूण केली. या आट्यांना एकापेक्षा जास्त सुरुवाती असू शकतात. खूण नसेल तर परत बसवताना चुकीच्या आट्यात जाते आणि अनंत कधीच सापडत नाही.

आट्यांमध्ये हिरवट थर होता. फणसाचा चीक विळीवर वाळून राहतो तसा, नखानं निघत नाही असा. लाकडी टूथपिक आणि ॲसिटोनचा बोळा घेऊन, काचेला थेंबही लागू न देता, तो काढायला एक संध्याकाळ गेली. ॲसिटोन नुसता आट्यांना. कड स्वच्छ झाल्यावर कोरडीच फिरवून पाहिली: तूप लावल्यासारखी. मग नवं ग्रीस, टाचणीच्या टोकावर राहील एवढं.

शटरही त्याच बैठकीत पाहिलं. १/२५ च्या खालचे वेग रेंगाळत होते, एक सेकंदाचा दीड-दोन होत होता. मंद वेगांच्या चाकांना पेट्रोलचा स्पर्श दिला, वाळू दिलं, बऱ्यापैकी सुधारलं. रस्त्यावर मी १/१०० नं काम करतो, त्यामुळे त्यात जास्त खोल गेलो नाही.

अनंत शोधणं

मधली वाटी शटरमध्ये पूर्ण शेवटापर्यंत आवळली. हे महत्त्वाचं, ती पाव फेरा जरी बाहेर राहिली तरी पुढचं सगळं मोजमाप चुकीच्या पायावर उभं राहतं. पुढची वाटी खुणेवर लावून आत घेतली. पुन्हा खिडकी, ओढणी, दुधी काच, मनोरा. वाटी फिरवत गेलो तसा धूसर मनोरा घट्ट होत गेला, मग त्यावरची रेषा उमटली, मग टोकाचा क्रूस. थोडी पुढे गेली की पुन्हा मऊ. मागे. पुढे. तीन वेगवेगळ्या वेळी करून तीनही वेळा एकाच जागी आली तेव्हा वाटी न हलवता रिंग वर ठेवली, अनंताची खूण दर्शकासमोर आणली आणि तीन स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळले.

मग कपाट, टेपनं ३ मीटर. रिंग ३ वर: अक्षरं लख्ख. रिंग अनंतावर: अक्षरं गेली. ती जाताना बघून झालेला आनंद शब्दांत सांगणं कठीण आहे.

पूर्ण उघड्या ॲपर्चरवर तीन मीटरला फोकस केला की साधारण २.७ ते ३.३ मीटर एवढाच पट्टा धारदार असतो. म्हणून शेवटी रेंजफाइंडरही तपासला. इझोलेट ३ चा रेंजफाइंडर लेन्सला जोडलेला नाही. वरची चकती फिरवून दोन प्रतिमा जुळवायच्या, आकडा वाचायचा आणि तो हातानं रिंगेवर लावायचा. मनोऱ्यावर चकती अनंताला जुळली, कपाटावर ३ ला. म्हणजे तो पहिल्यापासून खरंच बोलत होता.

नवा भाता ऑगस्टमध्ये बसला. चौथा रोल त्यानंतरचा. बाराही फ्रेम भिंगाखाली पाहिल्या, वहीतल्या अंतरांशी ताडल्या. मनोऱ्याच्या फ्रेममध्ये छपराची कौलं दिसतात.

डिसेंबरमध्ये कॅमेरा मिरजेला नेला. बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते, सकाळचं ऊन बाजूनं. रेंजफाइंडरनं १.५ मीटर सांगितलं, रिंग १.५ वर लावली, एफ/५.६, १/१००. रोल परत आल्यावर म्युनिकमध्ये धुतला आणि त्या फ्रेमचा मोठा प्रिंट करण्याऐवजी काँटॅक्ट प्रिंट केला, नेगेटिव्ह कागदावर थेट ठेवून, त्याच चौकोनी मापाचा. टपालानं पाठवला. बाबांनी तो क्लिक थ्रीच्या जुन्या अल्बममध्ये लावलाय. माप तेच असल्यामुळे कोपरे बरोबर बसले, असं त्यांनी फोनवर सांगितलं.